टाळी : उच्चार, क्रियापदे आणि प्रसंग
नागपुरात मराठी शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नागपुरात हिंदीवर निभावून नेता येते, आणि येथे नव्याने आलेल्या माणसाची मराठी नेमकी त्यामुळेच मागे राहते. मिहानमधील कंपनीत, रेल्वेच्या कार्यालयात, एम्समध्ये किंवा व्हीएनआयटीच्या वसतिगृहात दाखल झालेली व्यक्ती सीताबर्डीवर खरेदी करताना हिंदीत बोलते, दुकानदारही हिंदीतच उत्तर देतो, आणि वर्ष उलटले तरी तिची मराठी 'कसं काय' आणि 'बरं आहे' यांच्या पुढे सरकत नाही. मात्र सोसायटीचा गणेशोत्सव, कार्यालयातील निरोप समारंभ किंवा मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन आले की व्यासपीठावरून अस्सल मराठी कानी पडू लागते, आणि त्यात दर पाच मिनिटांनी येणारा एक शब्द असतो तो म्हणजे 'टाळ्या'.

हा शब्द हिंदीभाषकाला ओळखीचा वाटतो, त्यामुळे तो शिकावा लागतो असे त्याच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात मराठीत 'टाळी' हे नाम एकच असले तरी सोबतचे क्रियापद बदलताच अर्थ पार पालटतो. वाजवलेली टाळी, दिलेली टाळी, पडलेली टाळी, घेतलेली टाळी आणि लागलेली टाळी या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील शेवटची तर ऐकूही येत नाही. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये सर्वाधिक जागा क्रियापदांना आणि प्रसंगांना दिली आहे; व्याकरण मात्र थोडक्यात आटोपले आहे.

पहिली पायरी : उच्चार

हिंदीतील 'ताली' आणि मराठीतील 'टाळी' यांची दोन्ही व्यंजने वेगळी आहेत. 'ताली' म्हणताना जीभ दातांना लागते. 'टाळी' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते, आणि 'ळ' साठी ते पुन्हा तसेच वळून पुढे झटकले जाते. म्हणजे या शब्दात जीभ दोनदा वळते. अनेक जण 'ट' सहज उच्चारतात पण 'ळ' च्या जागी 'ल' आणून 'टाली' म्हणतात. ते समजते, पण कानाला खटकते. सरावासाठी आधी शाळा, सकाळ, केळी, पोळा हे शब्द घ्यावेत आणि मग टाळीकडे यावे. नागपुरात पोळा आणि तान्हा पोळा हे दोन्ही शब्द श्रावणाच्या अखेरीस आपोआपच तोंडात बसतात.

या ठिकाणी एक गोष्ट नव्या माणसाने आधीच जाणून घ्यावी, नाहीतर तो गोंधळून जाईल. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. डोळ्याचा 'डोया' होतो, शाळेची 'शाया' होते, आणि टाळ्यांच्या 'टाया' होतात. 'पोट्टे टाया वाजवून राह्यले' हे वाक्य ऐकू आले तर मुले टाळ्या वाजवत आहेत एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यातील 'वाजवून राह्यले' ही चालू क्रिया सांगण्याची येथील पद्धत. हा उच्चार अशुद्ध नाही, तो बोलीचा नियम आहे. नव्या माणसाने तो समजून घ्यावा, पण स्वतः बोलताना प्रारंभी 'टाळ्या' असेच म्हणावे, कारण बाकीची वाक्यरचना पुस्तकी ठेवून मध्येच 'टाया' म्हटले की ऐकणाऱ्याला आपली थट्टा चालली आहे असे वाटू शकते. बोलीतील लकबी एकेकट्या उचलता येत नाहीत.

उच्चारात जवळ असलेले शब्दही निराळे ठेवावेत. 'टाळ' म्हणजे वारकऱ्यांच्या हातातील पितळी झांजा, 'टाळे' म्हणजे कुलूप, 'टाळू' म्हणजे तोंडातील वरचा भाग किंवा डोक्याचा माथा, आणि 'टाळा' ही 'टाळणे' या क्रियापदाची आज्ञा, जी 'गर्दी टाळा' अशा फलकांवर दिसते. २०२० सालच्या मार्च महिन्यात यातील दोन शब्द एकाच आठवड्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले होते. २२ मार्चला जनता संचारबंदीच्या सायंकाळी पाच वाजता लोकांनी गच्चीत आणि सज्जात येऊन टाळ्या वाजवल्या, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली.

दुसरी पायरी : लिंग आणि वचन

टाळी स्त्रीलिंगी आहे. एक टाळी वाजली, अनेक टाळ्या वाजल्या. प्रत्यय लागताना एकवचनात टाळीने, टाळीला, टाळीचा आणि अनेकवचनात टाळ्यांनी, टाळ्यांना, टाळ्यांचा अशी रूपे होतात. 'टाळीयां' किंवा 'टाळींचा' अशी रूपे होत नाहीत.

वचनाच्या बाबतीत एक बारकावा मात्र आहे. सामुदायिक कौतुकासाठी सामान्यतः अनेकवचन येते : 'सर्वांनी टाळ्या वाजवल्या.' परंतु नाटकात किंवा भाषणात एखाद्या विशिष्ट जागेवर मिळालेल्या प्रतिसादाबद्दल बोलताना एकवचन वापरतात : 'त्या वाक्याला हमखास टाळी येते.' सभागृहात त्या वेळी शेकडो हात वाजले असले तरी नटाच्या हिशेबी ती एकच टाळी असते.

तिसरी पायरी : क्रियापदे

येथे सावकाश जावे. सर्वांत साधे आणि सर्वत्र चालणारे क्रियापद 'वाजवणे' हे आहे, आणि हिंदीभाषकाची पहिली अडखळण याच ठिकाणी होते. हिंदीत 'बजाना' असल्यामुळे तो 'टाळी बजावली' असे म्हणून जातो. मराठीत बजावणे म्हणजे ठासून सांगणे, ताकीद देणे किंवा एखादे काम पार पाडणे. आई मुलाला उशीर करू नकोस म्हणून बजावते, नागरिक मतदानाचा हक्क बजावतो, न्यायालयाचा बेलिफ नोटीस बजावतो, आणि टाळी मात्र वाजवावीच लागते.

'टाळ्या पिटणे' यात हाताची क्रिया तीच असली तरी बोलणाऱ्याची नापसंती मिसळलेली असते. विचार न करता, दुसऱ्याची फजिती पाहून किंवा पुढाऱ्याच्या कोणत्याही वाक्याला लोकांनी हात वाजवले की 'लोक टाळ्या पिटत होते' असे म्हणतात. आपल्या वरिष्ठांच्या सत्काराचे वर्णन करताना हे क्रियापद चुकूनही वापरू नये.

'टाळी पडणे' हा श्रोत्यांकडून उत्स्फूर्तपणे आलेला प्रतिसाद आहे. 'त्यांच्या पहिल्याच विनोदाला हशा आणि टाळ्या पडल्या' या वाक्यात कोणी कोणाला सांगितलेले नाही. याउलट 'टाळ्या घेणे' यात कलावंताची करामत असते. 'बालकलाकाराने प्रवेशाला टाळी घेतली' असे म्हटले की त्या मुलाने काहीतरी कमावले, असा भाव येतो. याच वाटेने पुढे गेले की 'टाळ्याखाऊ' हे विशेषण भेटते. केवळ टाळ्या मिळाव्यात म्हणून घातलेले चटपटीत वाक्य म्हणजे टाळ्याखाऊ वाक्य, आणि तसल्या वाक्यांनी भरलेले भाषण म्हणजे टाळ्याखाऊ भाषण. हा शब्द कौतुकाचा नाही. वक्त्याला आनंद व्हावा म्हणून नव्याने मराठी शिकलेल्या एखाद्याने 'आपले भाषण अगदी टाळ्याखाऊ झाले' असे सांगितले, तर वक्ता हसून विषय बदलेल, पण ते वाक्य त्याच्या लक्षात राहील.

'टाळी देणे' म्हणजे आपला तळहात दुसऱ्याच्या तळहातावर मारणे. गप्पांमध्ये एखादा विनोद जमला, दोघांच्या मनातले एकाच वेळी ओठांवर आले, किंवा संघाने सामना जिंकला की 'दे टाळी!' असे म्हणत हात पुढे केला जातो. ही बरोबरीच्या माणसांची टाळी आहे. मित्र, भाऊ, मेहुणा, वर्गमैत्रीण, फार तर मोकळ्या स्वभावाचा आतेभाऊ येथपर्यंत ती चालते. शेजारच्या काकाजींना, मामाजींना किंवा कार्यालयातील साहेबांना आपण होऊन 'द्या टाळी' म्हणू नये. त्यांनी हात पुढे केला तर मात्र टाळी देणे भाग आहे, कारण पुढे आलेला हात तसाच हवेत ठेवणे अपमानाचे मानले जाते. राजकीय बातम्यांतून याच क्रियापदाचा विस्तार झालेला दिसतो. एका पक्षाने युतीची इच्छा दाखवली आणि दुसऱ्याने होकार भरला की 'अमुक पक्षाने टाळी दिली' असे लिहितात, आणि होकार येईपर्यंत 'टाळी मिळणार का' असे प्रश्न मथळ्यांमध्ये येतात. महानगरपालिकेच्या निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा अर्थ ठाऊक नसेल तर बातमीत कोणता कार्यक्रम झाला हेच त्याला कळणार नाही.

'एका हाताने टाळी वाजत नाही' ही म्हण जवळजवळ नेहमी भांडणाच्या संदर्भात येते. दोष दोन्ही बाजूंचा असतो, असे तिच्यातून सुचवायचे असते. दोन शेजाऱ्यांच्या गाडी उभी करण्यावरून झालेल्या वादात ती शोभते. परंतु ज्याच्यावर उघड अन्याय झाला आहे त्याला ती ऐकवणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे होय, आणि दुर्दैवाने घरगुती त्रासाच्या प्रकरणांत वडीलधारी माणसे ती सर्रास ऐकवतात. नव्या शिकणाऱ्याने ही म्हण समजून घ्यावी, वापरताना मात्र हात आखडता ठेवावा. सहकार्याच्या अर्थानेही ती अधूनमधून येते : 'शिक्षकांनी कितीही मेहनत घेतली तरी पालकांची साथ हवी, एका हाताने टाळी वाजत नाही.' हा वापर निर्धोक आहे.

राहिली ती 'लागणारी' टाळी. 'ब्रह्मानंदी टाळी लागणे' हा वाक्प्रचार कीर्तनाच्या आणि संतवाङ्मयाच्या परंपरेतून रोजच्या भाषेत आला. देहभान हरपून आनंदात पूर्ण बुडून जाणे असा त्याचा अर्थ आहे. समाधी लागते, डोळा लागतो, तशीच ही टाळी लागते. भजनात रंगलेल्या माणसाबद्दल तो गांभीर्याने म्हणतात, आणि रविवारी दुपारी भरपेट वडाभात जेवून आरामखुर्चीत घोरू लागलेल्या काकाजींबद्दल काकू तोच वाक्प्रचार हसत हसत वापरतात. दोन्ही वापर प्रचलित आहेत. फरक आवाजाच्या ढंगावरून ओळखावा.

चौथी पायरी : शेजारचे शब्द

टाळी हा कौतुकाचा एकच प्रकार असून तिच्या शेजारी 'दाद', 'वाहवा' आणि 'शाबासकी' हे शब्द नांदतात. शाबासकी वरून खाली येते : शिक्षक विद्यार्थ्याला, आजोबा नातवाला, अधिकारी कर्मचाऱ्याला शाबासकी देतात आणि बहुधा पाठ थोपटतात. कनिष्ठाने ज्येष्ठाला 'शाब्बास' म्हणू नये. वाहवा तोंडाने व्यक्त होते. दाद मात्र मान हलवून, हात उंचावून, 'क्या बात है' म्हणून किंवा टाळी वाजवून, कशीही देता येते. जाणकाराची दाद आणि गर्दीच्या टाळ्या यांत मराठी माणूस भेद करतो, आणि कलावंत तर फारच करतो.

'दाद' हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे 'दाद मागितली' अशी बातमी आली की पक्षकार टाळ्या मागत नसून न्याय मागत आहे, हे लक्षात घ्यावे. आणि 'त्याने कोणाला दाद दिली नाही' याचा अर्थ त्याने कोणाचे ऐकले नाही, तो कोणापुढे नमला नाही.

पाचवी पायरी : ताल धरणारी टाळी

संस्कृतातील 'ताल' या शब्दाशी टाळ आणि टाळी या दोहोंचे नाते आहे, आणि कौतुकाच्या टाळीइतकीच मराठी कानाला तालाची टाळी परिचित असते. शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी पहिल्याच काही तासिकांत हाताने ताल धरायला शिकतो. त्रितालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी वाजवायची आणि नवव्या मात्रेवर हात न वाजवता बाजूला उघडायचा. या न वाजवलेल्या जागेला 'खाली' म्हणतात, आणि पहिल्या मात्रेला 'सम'. घरी बसून एक ते सोळा अंक संथपणे मोजत हा प्रयोग करून पाहावा. नवव्या अंकावर हात वाजवायची सवय मोडली की गाण्याच्या मैफलीत समेची वाट पाहता येऊ लागते. झपतालात १० मात्रा असून टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर येतात, खाली सहाव्यावर. सात मात्रांच्या रूपक तालाची गंमत अशी की तेथे सम हीच 'खाली'च्या जागी असते, म्हणजे आवर्तन सुरू होते तेथे टाळी वाजतच नाही.

आरतीसाठी एवढ्या शास्त्राची गरज नाही. टेकडी गणपतीच्या मंदिरात किंवा सोसायटीच्या मंडपात आरती चालू असताना टाळ्या वाजवायच्या त्या कौतुकासाठी नसून साथीसाठी असतात. तळहात किंचित पोकळ ठेवले की आवाज भरीव येतो आणि हात लवकर दुखत नाहीत. सपाट तळव्यांची टाळी कर्कश येते आणि शेजारच्याच्या कानात बसते. नव्या माणसाने झांज वाजवणाऱ्याकडे लक्ष ठेवून त्याच्या ठोक्यावर टाळी वाजवावी. कडव्यागणिक लय वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि शेवटच्या आरतीपर्यंत ती इतकी चढते की शब्द ओळखू येत नाहीत. निदान आपण तरी त्या घाईत भर घालू नये. आरती संपल्यावर कौतुकाच्या टाळ्या वाजवायच्या नसतात. तेथे जयघोष होतो आणि मग प्रसाद.

विदर्भात याच्या जोडीला खंजिरी भजनाची परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरीच्या साथीने भजने गात गावोगावी प्रबोधन केले, आणि नागपूर विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. खंजिरी भजनात मंडळी धृपद उचलतात तेव्हा टाळीही उचलतात, एकटा गायक कडवे म्हणत असताना मात्र हात थांबवतात. ताजबागेत उरुसाच्या वेळी किंवा भीमगीतांच्या कव्वालीच्या मंचावर हीच टाळी वाद्य होऊन बसते. तेथे गायकाच्या मागे बसलेले साथीदार ठरलेल्या ठोक्यावर हात वाजवतात, आणि तो ठोका ज्याला सांभाळता येत नाही त्या श्रोत्याने मान डोलावून समाधान मानणे सर्वांच्या सोयीचे असते.

सहावी पायरी : कुठे वाजवावी, कुठे आवरावी

सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय गायनाची मैफल असेल तर आलाप चालू असताना टाळी वाजवू नये. स्वर हळूहळू उलगडत असताना वाजलेली टाळी दारावरच्या थापेसारखी आत शिरते. सुंदर जागा आली की मान हलवावी किंवा हलक्या आवाजात दाद द्यावी. तबलावादकाने तिहाई घेतली, म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून तो नेमका समेवर आणून टाकला, की त्या क्षणी आलेली टाळी कलावंतांना हवीच असते. संपूर्ण टाळ्या रचना संपल्यावर. आणि रचना संपली की नाही याची खात्री नसेल तर पुढच्या रांगेतील पांढऱ्या केसांकडे पाहावे.

गझलेच्या मैफलीचे गणित निराळे आहे. रेशीमबागेत ज्या गझलकाराच्या नावाचे सभागृह आहे ते कविवर्य सुरेश भट (१९३२ ते २००३) मूळचे अमरावतीचे, आणि मराठी गझल ऐकण्याची सवय या भागातील श्रोत्यांना चांगलीच आहे. शेराची पहिली ओळ कवी पुन्हा म्हणतो ती श्रोत्यांची उत्सुकता वाढावी म्हणून. त्या ओळीला 'वा' पुरेसे असते. दुसऱ्या ओळीत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसेच पुन्हा येणारे शब्द) येऊन शेर पूर्ण झाला की मग टाळी. पहिल्याच ओळीला टाळ्यांचा कडकडाट करणारा श्रोता कवीची पंचाईत करतो, कारण खरी गोष्ट अजून सांगायची असते.

नाटकात लोकप्रिय नटाच्या प्रवेशाला टाळी वाजवण्याची रीत जुनी आहे, प्रभावी प्रवेशानंतर नट आत जाताना मिळणारी टाळी त्याहून मानाची. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला गेल्यास ओळखीचा कलाकार दिसला म्हणून टाळ्या आणि शिट्ट्या वाजवणे टाळावे. परीक्षक बसलेले असतात आणि संवाद बुडतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रंगभूमी ही मात्र वेगळीच दुनिया आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा हे नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र, आणि मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने लागलेले नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. तेथे गाण्याला 'वन्स मोअर' मिळतो, शिट्ट्या मिळतात, खलनायकाला शिव्याही मिळतात, आणि हात आवरून बसलेला प्रेक्षक कंटाळला आहे असे समजले जाते. नागपूरहून एका रात्रीसाठी तेथे जाणाऱ्याने सभागृहातले शिष्टाचार घरी ठेवून जावे.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जाहीर सभेत भाषणांना टाळ्याही पडतात आणि 'जय भीम'चा घोषही होतो. त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करताना मात्र टाळ्या नसतात. बौद्ध विधीत अनुमोदन 'साधु, साधु, साधु' असे तीनदा म्हणून दिले जाते. सहकाऱ्याच्या घरी गृहप्रवेशाच्या किंवा विवाहाच्या बौद्ध विधीला बोलावणे आले तर हे ध्यानात ठेवावे.

नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे होते, आणि हिवाळ्यात विधान भवनाच्या प्रेक्षक दीर्घेत बसण्याची संधी कित्येकांना मिळते. सभागृहात सदस्य टाळ्यांऐवजी बाके वाजवतात; वर्तमानपत्रांतही 'सत्ताधारी सदस्यांनी बाके वाजवून स्वागत केले' असेच छापून येते. दीर्घेतील प्रेक्षकाने बाके वाजवायची नाहीत आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत. त्याने फक्त पाहायचे असते.

शोकसभेत टाळ्या नसतात, हे सांगण्याची गरज वाटू नये; तरीही वक्ता दिवंगत व्यक्तीची एखादी विनोदी आठवण सांगतो आणि सवयीने कोणाचे तरी हात जुळतात, म्हणून सांगितले. श्रवणदोष असलेल्या मुलांच्या शाळेतील कार्यक्रमात दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. ती दिसणारी टाळी असते, आणि तेथे आवाजाच्या टाळ्यांपेक्षा तीच मुलांपर्यंत पोहोचते. तृतीयपंथी समुदायाची सपाट तळव्यांची, बोटे ताणून वाजवलेली टाळी ही त्या समुदायाची ओळख आहे. विनोद म्हणून तिची नक्कल करणे असभ्यपणाचे आहे, मग ती कार्यालयातील स्नेहसंमेलनात केलेली असो की मित्रांच्या कट्ट्यावर.

जामठ्याच्या मैदानावर यातील कोणतेच बंधन नाही. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत जिंकला, आणि तिसऱ्या विजेतेपदाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. तेथे एवढेच पाळावे की पाहुण्या संघाच्या फलंदाजाने शतक केले तरी टाळी वाजवावी.

सातवी पायरी : माइक हाती आला तर

मराठी थोडी बोलता येऊ लागली की सोसायटीतील मंडळी नव्या माणसाच्या हाती कौतुकाने माइक देतात. अशा वेळी उपयोगी पडतील अशी काही तयार वाक्ये आहेत. पाहुण्यांच्या आगमनाला 'टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत करू या' असे म्हणावे. लहान मुलांच्या नृत्यानंतर 'एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत' हे चालते. 'टाळ्या होऊन जाऊ द्या' हे वाक्य नागपुरात सर्रास ऐकू येते. त्याच्या मागे हिंदीतील 'हो जाए' उभे आहे, पण ते आता इतके रुळले आहे की त्याला कोणी हरकत घेत नाही. हिंदीभाषकाच्या ओळखीचा 'करतल ध्वनि' मात्र मराठी व्यासपीठावर आणू नये, तो कोणी वापरत नाही.

मागितलेल्या टाळ्यांची संख्या आवरती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दीप प्रज्वलनाला टाळ्या, पुष्पगुच्छाला टाळ्या, परिचयाला टाळ्या आणि परिचय करून देणाऱ्यालाही टाळ्या अशी मागणी होत राहिली की खऱ्या सत्कारमूर्तीचे नाव येईपर्यंत श्रोत्यांचे हात थकलेले असतात. लहान मुलांच्या कार्यक्रमात पावसाची टाळी घेतल्यास ही अडचण येत नाही. आधी सर्वांनी एका बोटाने तळहातावर टाळी वाजवायची, मग दोन, तीन, चार बोटांनी आणि अखेर पूर्ण पंजाने. सभागृहात थेंबांपासून मुसळधार सरीपर्यंतचा आवाज उमटतो, आणि मग उलट क्रमाने बोटे कमी करत पाऊस थांबवायचा. प्राथमिक शाळेतील बाईंना ही टाळी पाठ असते. त्यांना विनंती केली तर त्या आनंदाने पुढे येतात.

कार्यक्रमानंतर वृत्तांत लिहिण्याचे काम आले तर 'टाळ्यांचा कडकडाट' हा शब्दप्रयोग एकदाच वापरावा, आणि तोही खरोखर कडकडाट झाला असेल तरच. भाषण शब्दशः छापताना जेथे प्रतिसाद आला तेथे कंसात 'टाळ्या' किंवा 'हशा' असे लिहिण्याची छापील मराठीतील जुनी प्रथा आहे. वृत्तांताचे वाक्य पूर्ण लिहावे : 'ज्येष्ठ सभासदांचा सत्कार झाला, तेव्हा उपस्थितांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.' यात 'टाळ्या' स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्याने क्रियापद 'वाजवल्या' असे होते, 'वाजवले' असे नाही. हिंदीभाषकाच्या हातून निसटते ते अक्षर बहुधा हेच असते, म्हणून सोसायटीच्या फलकावर कागद लावण्यापूर्वी एवढे एक वाक्य शेजारच्या काकूंना वाचून दाखवावे.